नदी राखायची तर मोरीपासून सुरुवात



मृगाचा पहिला दणका बसला की आपल्या पनवेल तालुक्यात माणसे रात्रीची बत्ती आणि जाळे घेऊन वहाळावर धावतात. वलगणीचे मासे चढलेले असतात. नदीतून वहाळात आणि वहाळातून भातखाचरात, अंडी घालायला. गेल्या वर्षी गाढी नदीकाठच्या एका गावात बैठकीला गेलो, तेव्हा एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, बत्ती अजून आहे, जाळेही आहे. पण जाळ्यात मासे कमी आणि पिशव्या जास्त."

मी सांडपाण्याचा विषय काढला. तशी मागे बसलेली एक बाई उसळून बोलली, "नदी नासवली कारखान्यांनी. आमच्या मोरीला कशाला नावे ठेवता?"

तिचे म्हणणे खोटे नाही. तळोजे औद्योगिक वसाहतीजवळच्या कासाडी नदीची कथा आपण सारे जाणतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये तिथे निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि देशभर बोभाटा झाला. कासाडीचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. तो लढा चालू राहिलाच पाहिजे. पण गाढीचे काय? ती माथेरानच्या डोंगरातून उतरते, देहरंगच्या धरणातून पनवेल शहराला पाणी देते, नेरे, विचुंबे अशी गावे ओलांडून खाडीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला तळोज्यासारखी वसाहत नाही. तिथे वहाळातून नदीत उतरते ते मुख्यतः घरांचे आणि शेतांचे पाणी. ते मात्र आपल्या हातात आहे.

थोडा हिशेब करू

पूर्वी विहिरीवरून हंड्याने पाणी आणत. जेवढे डोक्यावर येई तेवढेच मोरीतून जाई. आता जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर झाले. त्यातले पाच भागांपैकी चार भाग, म्हणजे सुमारे 220 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. दोनशे उंबऱ्यांच्या गावातून रोज 44 हजार लिटर! दहा हजार लिटरचे चार टँकर गाव रोज वहाळात ओततो म्हणा ना.

या पाण्यात साबण, तेल, खरकटे असते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. धुण्याची पावडर आणि वाहून आलेले खत यांच्या जोरावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. मग मासे टिकत नाहीत. साचलेल्या डबक्यात डास वाढतात ते वेगळेच.

शोषखड्डा कसा करावा

मोरीपासून थोड्या अंतरावर, भिंतीच्या पायापासून दूर, साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल खड्डा खणावा. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम, वर लहान खडी अशी भर घालावी. तोंडाशी तळाला भोके पाडलेले मडके किंवा डबा बसवून त्यात नारळाचा काथ्या भरावा. खरकटे आणि तेलकट मळ त्यात अडकतो. हा काथ्या आठवड्याला धुवावा किंवा बदलावा. हे काम टाळले की खड्डा तुंबतो आणि लोक म्हणतात, "सरकारी योजना फसली." नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे केले. गटारे सुकली आणि डास हटले, म्हणून त्या गावाचे नाव झाले.

आपल्या कोकणात एक अडचण आहे. पावसाळ्यात भूजल वर येते आणि नदीकाठी खड्डा पाण्याने भरतो. म्हणून तो उंचवट्यावर घ्यावा, आणि कौलांच्या पन्हळीचे पाणी त्यात मुळीच सोडू नये. जिथे जमीन चिकण आहे तिथे मोरीचे पाणी परसातल्या केळी, अळू, कर्दळीच्या वाफ्यात फिरवावे. केळीला पाणी मिळते आणि वहाळाला विश्रांती.

एक गोष्ट कबूल करतो. दुसऱ्यांना हे सांगत मी वीस वर्षे फिरलो, आणि माझ्याच गावच्या घरची मोरी मागच्या ओहोळात सोडलेली होती. एकदा आमच्या थोरल्या वहिनी हसून म्हणाल्या, "भावजी, आधी आपला खड्डा खणा." त्या उन्हाळ्यात स्वतः कुदळ घेतली तेव्हा कुठे बोलायला तोंड उरले.

संडासाचे पाणी वेगळे

संडासाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये. दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे एक-दोन वर्षांत वास नसलेले खत होते. विहिरीपासून असे खड्डे किमान 50 फूट दूर असावेत. सेप्टिक टाकी असेल तर तिचा निचरा वहाळात काढू नये. टाकी उपसायला गाडी बोलावाल तेव्हा मैला कुठे रिकामा करणार, हे आधी विचारा. स्वस्तात उपसणारा रात्री तो पुलाखाली सोडत असेल, तर ती घाण पैसे देऊन आपणच नदीत टाकली असे होईल.

शेतातून जाणारे

भाताला युरिया फोकून दिला आणि मागून मोठी सर आली, तर तुमचे पैसे बांधावरून वाहून जातात आणि नदीत शेवाळ पोसतात. त्यापेक्षा चारसूत्री पद्धतीत सांगितल्याप्रमाणे चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी तीन-चार इंच खोल खोचावी. खत मुळाशी राहते आणि कमी लागते. फवारणीचा पंप वहाळात धुऊ नये. औषधाची बाटली तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावे व पिकावर फवारावे. रिकाम्या बाटलीला भोक पाडावे, म्हणजे कोणी तीत तेल-पाणी भरणार नाही.

गणपती तर आपल्या शेजारच्या पेणेहून देशभर जातात. आपल्या घरी शाडूची लहान मूर्ती आणावी, घंगाळात विसर्जन करून माती तुळशीला घालावी. निर्माल्य उकिरड्याच्या खड्ड्यात कुजवावे. पिशवीत बांधून पुलावरून भिरकावू नये.

बायाबापड्यांनो, सुरुवात कुठून?

सगळे एकदम होणार नाही. येत्या उन्हाळ्यात एक वाडी ठरवा. दहा घरांनी एकमेकांकडे श्रमदान करून दहा खड्डे खणावेत. दगड बांधावरचे, काथ्या घरचा. खर्च थोडाच आहे. ग्रामसभेत विषय मांडून उरलेल्या घरांसाठी योजनेची मागणी करा.

आणि त्या उसळलेल्या ताईंना माझे एवढेच सांगणे. कारखान्याला जाब विचारायला जाल तेव्हा तो उलट विचारील, "तुमच्या गावचे पाणी कुठे जाते?" त्या वेळी मान वर करून उत्तर देता आले पाहिजे. मग बत्ती घेऊन वहाळावर जाल, तेव्हा जाळ्यात पिशव्यांऐवजी मासे येण्याची आशा धरता येईल.