चाकण वाढलं, ते कशामुळे?

मागच्या वेळी आपण वाढीचा दर काढायला शिकलो. आज त्या दराची फोड करू. या पद्धतीला 'शिफ्ट-शेअर' म्हणतात.

समजा, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात वाहन उद्योगातला रोजगार 10 वर्षांत 30 टक्के वाढला. त्याच काळात देशातला एकूण रोजगार 10 टक्के वाढला आणि देशभरच्या वाहन उद्योगातला 25 टक्के. मग 30 पैकी 10 देशाच्या वाढीचे, पुढचे 15 वाहन उद्योगाचे. पट्ट्याचे स्वतःचे उरले 5. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण मुद्दा लक्षात घ्या: सगळं श्रेय आपल्या भागाला देता येत नाही. देशात गाड्यांचा खप पडला, की ते 15 उलटे फिरतात. आणि पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसतो.

आता प्रश्न हद्दीचा. बजाज ऑटोने 2007 मध्ये आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन थांबवलं. चाकणचा कारखाना चालूच राहिला. हिशोब फक्त महापालिकेच्या हद्दीचा केला, तर आकुर्डीतली घट दिसते, पण चाकण सुटतं, कारण ते खेड तालुक्यात आहे. पूर्ण पुणे जिल्हा घेतला, तर हीच घट इतर वाढीत विरून जाते. भोसरीत राहून रोज चाकणला कामाला जाणारा माणूस मात्र तोच असतो. म्हणून कामगार कुठून कुठे जातात ते आधी पाहू, त्यावरून हद्द आखू आणि मगच सूत्र वापरू.