शुभेच्छा पोपना, नजर मतदारांवर

८ मे २०२५ रोजी सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रिव्होस्ट ‘पोप लिओ चौदावे’ झाले. त्यानंतर जगभरच्या सत्ताधाऱ्यांच्या शुभेच्छांची रीघ लागली. पहिला अमेरिकी पोप हा देशाचा मोठा सन्मान, असं ट्रम्प म्हणाले. प्रिव्होस्ट यांनी २०१५ मध्ये पेरूचं नागरिकत्व घेतलेलं असल्यामुळे पेरूच्या अध्यक्षांनीही ते आपलेच असल्याचं सांगितलं. एकमेकांशी लढणारे पुतिन आणि झेलेन्स्की अभिनंदनापुरते एका रांगेत आले. ऑपरेशन सिंदूरच्या ऐन धामधुमीत पंतप्रधान मोदींनीही शुभेच्छा दिल्या. या साऱ्यावरून आपल्याकडे दोन समज पक्के होतात. पहिला, व्हॅटिकन आता अमेरिकेच्या खिशात गेलं. दुसरा, एवढे राष्ट्रप्रमुख ज्याच्यापुढे वाकतात त्याच्या शब्दावर अमरावती-अकोल्यातले ख्रिस्तीही चालत असणार. दोन्ही समजांत एकच घोटाळा आहे. शुभेच्छा देणाऱ्याची गरज ही आपण घेणाऱ्याची ताकद समजतो.

अमेरिकेचंच घ्या. ही निवड १३३ कार्डिनलांनी केली, त्यासाठी ८९ मतं लागत होती आणि चौथ्या फेरीत निकाल लागला. मतदारांत चार भारतीय होते, त्यांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव एक. मुंबईचे ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी वयाची ८० वर्षं ओलांडलेली असल्याने त्यांना मत नव्हतं. कोणत्याही सरकारला या मतदानात जागा नाही. एकेकाळी ती होती. १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने एका कार्डिनलामार्फत निरोप धाडून रॅम्पोला यांच्या नावाला हरकत घेतली होती. त्या वेळी निवडून आलेल्या दहाव्या पायस यांनी पुढच्याच वर्षी ही प्रथा कायमची बंद केली. शिवाय प्रिव्होस्ट हे ट्रम्प यांच्या सोयीचे उमेदवारही नव्हते. उपाध्यक्ष व्हान्स यांनी स्थलांतरितांबाबतच्या धोरणाला ख्रिस्ती प्रेमभावनेचा आधार दिला, तेव्हा ते चुकत असल्याचं सांगणारा लेख फेब्रुवारीत प्रिव्होस्ट यांच्या नावाच्या एक्स खात्यावरून पुढे पाठवला गेला होता. निवडीची बातमी येताच ट्रम्प यांच्या काही कडव्या समर्थकांनी नव्या पोपवर तोंडसुख घेतलं. व्हान्स मात्र १८ मेच्या पदग्रहण समारंभाला आवर्जून हजर राहिले. अमेरिकेत कॅथलिक मतदार थोडेथोडके नाहीत.

सत्तांचा चर्चवर दबाव पडतच नाही असं मानणं भाबडेपणाचं आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. २०१८ च्या करारापासून चीनमधल्या बिशपांच्या नेमणुकीत बीजिंगचा शब्द चालतो. पण इथेही सरकार पोपवर दबाव आणतं, पोप सरकारवर नाही. याचं जवळचं उदाहरण मुंबईत सापडतं. इथल्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचे जुने हक्क होते. गोव्यातून आलेले आणि रोममधून आलेले पाद्री त्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडले. आर्चबिशप गुडियर यांनी १९२६ मध्ये पद सोडल्यावर १९२८ मध्ये तोडगा निघाला तो अजबच होता: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा. त्याप्रमाणे आधी लिमा आले, मग रॉबर्ट्स. एकाही भारतीयाची पाळी त्या वाटणीत येत नव्हती. पोर्तुगालने १९५० मध्ये भारतातले हे हक्क सोडले तेव्हा कुठे व्हॅलेरियन ग्रेशियस पहिले भारतीय आर्चबिशप झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, ८ मे १९५५ रोजी, नागपूरपासून वेगळा काढून अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. लिओ यांच्या निवडीची तारीखही तीच, हा निव्वळ योगायोग. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ. २०१२ मध्ये इथे आलेले एलियास गोन्साल्विस यांची २०१८ मध्ये नागपूरचे आर्चबिशप म्हणून बढती झाली. बिशपांची नेमणूक पोप करतात, आणि वऱ्हाडात पोपची म्हणून दाखवता येईल अशी सत्ता जवळपास एवढीच.

या सत्तेच्या चारही बाजूंना भारतीय कायद्याचं कुंपण आहे. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नोंदलेल्या चर्चच्या न्यासाचा हिशेब तिथे द्यावा लागतो, रोमचा शिक्का तिथे चालत नाही. चर्चच्या न्यायालयाने विवाह रद्द ठरवला तरी कायद्याने तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये क्लॅरेन्स पाइस प्रकरणात स्पष्ट केलं. शिवाय वऱ्हाडातले सगळे ख्रिस्ती पोपना मानतात हेच मुळात खरं नाही. अकोला-खामगावात जुनं काम अलायन्स मिशनचं, मेळघाटच्या कोरकूंमध्ये कुरकू मिशनचं, अचलपूरजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना. हे सारे प्रोटेस्टंट. रोममध्ये पोप कोण झाले याचा त्यांच्या उपासनेवर काडीचाही परिणाम होत नाही.

तरीही कुणी म्हणेल की पोप एका राज्याचे प्रमुख आहेत, मग त्यांच्या अनुयायांची निष्ठा दुभंगलेली नाही का? व्हॅटिकनचं राज्य १९२९ च्या करारातून उभं राहिलं, त्याचं क्षेत्र सुमारे ४४ हेक्टर. अकोल्यातला कॅथलिक माणूस त्या राज्याचा नागरिक नाही, तिथे कर भरत नाही, मतदानही करत नाही. इथे मत देताना तो रोमकडे पाहतो याला आधार नाही. गोव्यात २०१२ मध्ये भाजपने सहा कॅथलिक उमेदवार उभे केले आणि सहाही निवडून आले. निवडणुकीच्या तोंडावर चर्चची पत्रकं निघतात हे खरं, पण त्यांतले विषय जमिनीचे, भाषेचे, भ्रष्टाचाराचे, म्हणजे गोव्याचेच असतात. अमेरिकेतही तेच: भिंती बांधू पाहणाऱ्याला ख्रिस्ती म्हणता येत नाही अशा अर्थाचं आधीचे पोप फ्रान्सिस ट्रम्प यांच्याबाबत २०१६ मध्येच बोलले होते, तरी २०२४ मध्ये बहुसंख्य अमेरिकी कॅथलिकांनी ट्रम्प यांनाच मत दिल्याचं एक्झिट पोलमधून दिसलं.

मग सरकारं एवढी धावपळ का करतात? उत्तर पाहुण्यांच्या यादीत आहे. फ्रान्सिस यांच्या निधनानंतर भारताने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. अंत्यसंस्काराला राष्ट्रपती मुर्मू यांच्याबरोबर किरेन रिजिजू, केरळचे जॉर्ज कुरियन आणि गोवा विधानसभेचे उपसभापती जोशुआ डिसोझा गेले. लिओ यांच्या समारंभाला राज्यसभेचे उपसभापती हरिवंश आणि नागालँडचे उपमुख्यमंत्री यांथुंगो पॅटन होते. नागालँडातले बहुसंख्य ख्रिस्ती बाप्टिस्ट, पोपना न मानणारे. तरीही रोमला माणूस कोहिमाहून निघतो, कारण हा निरोप रोमइतकाच ईशान्येतल्या, केरळातल्या आणि गोव्यातल्या मतदारांनाही असतो. यात गैर काही नाही, सगळेच देश हे करतात. मात्र त्यावरून पोपच्या सत्तेचं मोजमाप काढू नये.

या सत्तेला दिल्लीत काय किंमत आहे याची परीक्षा आधीच झालेली आहे. १९६४ मध्ये सहावे पॉल मुंबईला यायला निघाले तेव्हा गोवा हातचा गेलेल्या पोर्तुगालने उघड निषेध केला, तरी भारताची तयारी होती म्हणून ते आले. १९९९ मध्ये जॉन पॉल दुसरे दिल्लीत येऊन गेले. २०२१ मध्ये मोदींनी फ्रान्सिस यांना रोममध्ये भेटून निमंत्रण दिलं, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं तोवर ती भारतभेट घडली नव्हती.