शार-पेई : सुरकुत्यांचा चिनी कुत्रा व त्याची निगा

पिल्लाच्या अंगावर दोन मापे मोठे कातडे चढवावे, तसा शार-पेई जातीचा कुत्रा दिसतो. कपाळावर, मानेवर व पाठीवर कातडीच्या वळ्या, पाणघोड्यासारखे रुंद तोंड, इवलेसे कान आणि निळसर काळी जीभ ही त्याची ठळक ओळख होय. निळी जीभ असणारी दुसरी प्रसिद्ध जात म्हणजे चाऊ-चाऊ, तीही चिनीच. या आगळ्या रूपामुळे श्वानप्रेमी मंडळी या पिल्लाला चांगली किंमत मोजतात. तथापि, ज्या सुरकुत्यांसाठी ही किंमत मोजली जाते, त्यांच्याच पोटी या जातीचे बहुतेक आजार आहेत. म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी पुढील माहिती ध्यानात घ्यावी.

मूळ शेतावरचा राखणदार

या जातीचा उगम दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात झाला, असे मानले जाते. तेथील शेतकरी घराची व गुराढोरांची राखण आणि रानडुकराची शिकार यासाठी हा कुत्रा पाळत. त्याला झुंजीतही उतरवले जाई. चिनी भाषेत ‘शार-पेई’ म्हणजे वाळूसारखी कातडी. केस आखूड, ताठ व खरखरीत असल्याने उलटा हात फिरवल्यास ते टोचतात. सैल कातडीचा उपयोगही झुंजीतच होता. प्रतिस्पर्ध्याने कातडी पकडली तरी हा आतल्या आत वळून त्याला चावू शके.

१९४९ नंतर चीनमध्ये कुत्री पाळण्यावर निर्बंध आले व ही जात नष्ट होण्याच्या मार्गावर गेली. हाँगकाँगमधील श्वानपालक मॅटगो लॉ यांनी १९७३ मध्ये अमेरिकन श्वानपालकांना ती वाचविण्याचे आवाहन केले. त्यानंतर थोडी कुत्री अमेरिकेत गेली, त्यांच्यापासून संख्या वाढली आणि १९९२ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला पूर्ण मान्यता दिली. जात वाचली हे खरे, पण तिचे रूप बदलले. ग्वांगडोंगच्या जुन्या कुत्र्याच्या अंगावर वळ्या बेताच्याच होत्या व तोंडही कमी मांसल होते. परदेशात मात्र अधिक वळ्यांच्या, अधिक मांसल तोंडाच्या पिल्लांना मागणी आली व निवड त्याच दिशेने होत गेली.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची उंची खांद्यापाशी ४६ ते ५१ सें.मी. आणि वजन साधारण २० ते २७ किलो असते. पिल्लाच्या अंगभर असलेल्या वळ्या वाढीबरोबर कमी होऊन मुख्यतः डोके, मान व खांद्यावर राहतात.

सुरकुत्या व ताप

या कातडीत हायलुरोनिक आम्ल नावाचा चिकट पदार्थ प्रमाणाबाहेर साठतो, त्यामुळे ती जाड होऊन वळ्या पडतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यामागील आनुवंशिक बदल सापडला व त्याच बदलाचा ‘शार-पेई ताप’ या आजाराशी संबंध दिसून आला.

या आजारात कुत्र्यास एकाएकी १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप चढतो. मागील पायाचा घोट्याचा सांधा सुजतो, कधी ओठही सुजतात व जनावर हलण्यास नाखूष असते. दीड-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो आणि इथेच मालक फसतो. औषध न देता बरे वाटले म्हणून तो दवाखान्याची पायरी चढत नाही. मात्र असे ताप वारंवार येत राहिल्यास मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचे प्रथिन साचून ते निकामी होण्याचा धोका असतो. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्याच तापाला पशुवैद्यकास दाखवावे, तापाच्या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी ठराविक काळाने करून घ्यावी. माणसाच्या तापाच्या गोळ्या देऊ नयेत.

डोळे व कातडी

डोळे उघडल्यानंतर कातडीच्या भाराने पिल्लाची पापणी आत वळते व केस बुबुळावर घासतात. डोळ्यातून सतत पाणी किंवा पू येत असल्यास, पिल्लू डोळे मिटून बसत असल्यास दिरंगाई करू नये, बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. लहान वयात तात्पुरते टाके घालून पापणी बाहेर ठेवता येते. डोक्याची वाढ पूर्ण झाल्यावर गरज असेल तरच कायमची शस्त्रक्रिया करतात.

वळ्यांमध्ये ओल राहिली की जिवाणू व बुरशी वाढून कुबट वास येतो. कोकणातील दमट हवेत व सर्वत्र पावसाळ्यात हा त्रास अधिक. दररोज वळ्या बोटांनी उघडून पाहाव्यात व ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. आंघोळ वारंवार नको, पण घातल्यावर प्रत्येक वळी कोरडी झालीच पाहिजे. आपल्याकडे खाज दिसली की खोबरेल तेल व हळद चोपडण्याची रीत आहे. या कुत्र्याच्या वळ्यांत तेलाने ओल कोंडते व पावडरीचे गोळे होतात, म्हणून दोन्ही टाळावे. खरजेसाठी गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन स्वतःच्या मनाने टोचू नये. कानाची नळी अरुंद असल्याने आत काडी घालू नये.

हा कुत्रा घरच्यांशी एकनिष्ठ, अनोळखी माणसांशी फटकून व दुसऱ्या कुत्र्यांशी अनेकदा भांडखोर असतो. त्यामुळे लहानपणीच त्याला माणसांची व जनावरांची सवय लावावी. उष्णता त्याला सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी त्याला सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी ठेवावे. नुसत्या शेताच्या राखणीसाठी कुत्रा हवा असेल, तर आपली गावठी किंवा कारवानी कुत्रीच बरी.

पिल्लू घेताना

सर्वांत जास्त वळ्यांचे पिल्लू निवडू नये. डोळे स्वच्छ व उघडे, नाकपुड्या मोकळ्या आणि वळ्यांना वास नसलेले पिल्लू घ्यावे. आई प्रत्यक्ष पाहावी, आईबापांना असा ताप येऊन गेला आहे का ते विचारावे आणि ताप येणाऱ्या नर-मादीपासून पैदास करू नये. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, तसेच आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी व लसीकरणाचे कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.