मृतसाठ्यात न मावणारा गाळ

समज : गाळ मृतसाठ्यात बसतो, उपयुक्त साठ्याला धक्का लागत नाही.

धरणाच्या आराखड्यात तळची जागा, म्हणजे मृतसाठा, गाळासाठी सोडलेली असते, त्यामुळे हा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग मोडतो आणि गोटे, खडी, भरड वाळू तिथेच पडते. तिथे उथळ पट्टा तयार होतो आणि दर पुराबरोबर भिंतीकडे सरकत येतो. ही जागा उपयुक्त साठ्याची असते. भिंतीपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः बारीक पोयटा आणि चिकणमाती.

म्हणून गाळ किती, यापेक्षा तो कुठे आणि कसला, हे महत्त्वाचे. मोजणीसाठी नावेतून ध्वनिलहरींनी तळाची खोली घेतात आणि ती धरणापूर्वीच्या नकाशाशी ताडतात. नाशिकची ‘मेरी’ संस्था उपग्रहचित्रांवरूनही अंदाज काढते : अमुक पातळीला पाण्याचा पसारा पूर्वी किती होता, आज किती आहे. यात मेख अशी, की पाणी जिथवर उतरते तिथवरचाच हिशेब लागतो. मृतसाठ्याचा तळ चित्रात येतच नाही. गाळाचा आकडा छापून आला, की तो कोणत्या पद्धतीचा हे आधी पाहावे.

समज : धरणाखाली नितळ पाणी म्हणजे नदी निरोगी.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली एल्व्हा नदी याचे चांगले उत्तर आहे. तिच्यावर १९१३ आणि १९२७ मध्ये दोन धरणे पुरी झाली. पुढे दोन्हींत मिळून सुमारे २१ दशलक्ष घनमीटर गाळ अडकला. साधारण निम्मा बारीक, निम्मा वाळू-खडीचा. खाली गेलेले पाणी नितळ होते, पण वरून नवी खडी येईना. होती ती पाण्याने ओढून नेली आणि पात्रात मोठे गोटे उरले. सामन मासा अंडी घालतो ती खडीत खळगा करून; ती खडीच उरली नाही. मुखाजवळचा किनाराही झिजत गेला; तिथल्या लोअर एल्व्हा क्लालम लोकांचे शिंपल्यांचे किनारे गेले.

समज : धरण पाडले की गाळाने नदी मरते.

हा समज निव्वळ खोटा नाही. सप्टेंबर २०११ मध्ये एल्व्हाची धरणे टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात झाली. माशांच्या हंगामात काम थांबवले जाई. तरी नदी चिखलाने गढूळली, डोह बुजले, खालच्या भागात पात्र सुमारे मीटरभर वर आले. पाणी उचलण्याच्या ठिकाणी जाळ्या पालापाचोळ्याने आणि गाळाने तुंबल्या, त्यापायी पाडकाम वर्षभर रखडले. गाळाचा अभ्यास आधी झाला होता तिथे ही गत!

पण पहिल्या पाच वर्षांत सुटलेल्या सुमारे २ कोटी टन गाळापैकी जवळजवळ नव्वद टक्के समुद्राला मिळाला. मुखाशी साठेक हेक्टर नवी जमीन तयार झाली, गोट्यांच्या किनाऱ्यावर वाळू आली. खालचे धरण गेल्यावर २०१२ मध्येच सामन वरच्या पात्रात पोहोचले. बंद असलेली मासेमारी २०२३ मध्ये क्लालम लोकांसाठी मर्यादित प्रमाणात उघडली. दुसऱ्या धरणाचा शेवटचा भाग २०१४ मध्ये हटवला गेला, हे लक्षात घेतले तर हा काळ फार नव्हे.

समज : आपल्याकडे काय, जेसीबी लावले की गाळ निघतो.

पाझर तलावाचा निघतो, आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून शेतात पडलेल्या पोयट्याचा फायदाही होतो. मोठ्या धरणाचे गणित वेगळे. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे सुमारे साडेतीन लाख ब्रास. हायवात पाच ब्रास धरले तरी सत्तर हजार खेपा. जायकवाडीचा नुसता मृतसाठा ७३८ दशलक्ष घनमीटरचा आहे.

शिवाय उपसलेला गाळ शेतात जातो, नदीत नाही. धरणाखालच्या पात्राची वाळू-खडीची तूट तशीच राहते. त्यात आपण त्याच पात्रातून वाळूही उचलतो. ती पुढच्या पुरात भरून येईल, असे ठेकेदार सांगतो. वर धरण असेल, तर येणार कुठून, हे त्याला विचारावे.