लडाखला जायचंय? आधी एक रिकामा दिवस मागा!

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपत आली की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा सुट्टीत कुठं जायचं? कुणी म्हणतं कोकण, कुणी म्हणतं आजोळ. आणि अलीकडे बऱ्याच घरांतून हमखास ऐकू येणारं नाव म्हणजे लडाख! निळंशार पँगाँग सरोवर, डोंगराच्या टोकावर बसलेले बौद्ध मठ, नुब्रा खोऱ्यातले दोन वशिंडांचे उंट... फोटो पाहूनच कधी एकदा निघतो असं होतं. हो ना?

आमचंही तसंच झालं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही घरच्या मंडळींनी एका सहल कंपनीकडे पैसे भरले. जाहिरातीत आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या. खर्च किती आणि ठिकाणं किती. पहिल्या दिवशी विमानानं लेह आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खारदुंग ला खिंड, हे आम्ही वाचलं. पण त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही.

माझा भाचा तेव्हा नववीत होता. शाळेच्या कबड्डी संघातला, सिंहगड न थांबता चढणारा. लेहला उतरल्यावर दुपारीच त्याचं डोकं ठणकायला लागलं. पण पठ्ठ्या बोलला नाही! दुसऱ्या दिवशी गाडी खिंडीच्या वाटेला लागली आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. उभंसुद्धा राहवेना. आमच्या ड्रायव्हरनं एका नजरेत ओळखलं आणि कुणाला न विचारता गाडी मागे वळवली. लेहच्या दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला. दोन दिवस तो अंथरुणात आणि मी त्याच्या उशाशी. पँगाँग आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

"अरे, आदल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, माझ्यामुळं सगळ्यांची सहल बुडाली असती ना."

त्याचं ते उत्तर ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हा लेख. आईबाबांनाही शेजारी बसवा आणि मिळून वाचा.

उंचावर होतं तरी काय?

आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची १,६४६ मीटर. लेह गाव सुमारे ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी लेह वरच राहील! आणि खारदुंग ला तर ५,३०० मीटरच्याही वर.

जसजसं उंच जावं तसतशी हवा विरळ होते. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, साधारण २१ टक्के. पण हवेचा दाब कमी झाल्यामुळं प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. समुद्रकाठच्या मुंबईशी तुलना केली, तर लेहला तो जेमतेम दोन तृतीयांश मिळतो आणि खारदुंग लावर जवळपास निम्माच!

आपलं शरीर हुशार असतं, बरं का. ते श्वास जलद करतं, हृदय भरभर चालवतं, पुढच्या दिवसांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवू लागतं. पण या कामाला वेळ लागतो. तो वेळ न देता वर गेलं, की डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि झोप न लागणं सुरू होतं. दुर्लक्ष करून आणखी वर गेलं, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून जिवावर बेतू शकतं. रोज जोर काढणाऱ्या पैलवानालासुद्धा हा त्रास होतो. तिथं ताकदीची मात्रा चालत नाही.

पैसे भरण्याआधी

सहलीचा कार्यक्रम हातात आला, की वहीत दोन रकाने आखा. एकात मुक्कामाचं गाव, दुसऱ्यात त्याची उंची. आता जिना नीट आहे का, ते बघा.

श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, मग कारगिल सुमारे २,७००, मग लेह ३,५००. हा झाला पायरीपायरीचा जिना. मनालीहून निघून रस्त्यात सरचूला मुक्काम केला, तर दोन हजारांवरून एकदम चार हजारांवर! ही उडी झाली. विमानानं थेट लेहला जाणं हीसुद्धा उडीच. ती मारायची, तर पहिले दोन दिवस लेहमध्ये विश्रांती हवीच.

सहलवाल्यांना हे प्रश्न विचारा. लाजू नका.

१. लेहमध्ये रिकामे दिवस किती?
२. सोबत प्राणवायूचं सिलिंडर असतं का? ते वापरता येणारं माणूस कोण?
३. कुणी आजारी पडलं, तर त्याला खाली कोण आणणार? गाडी वेगळी मिळेल का?
४. रस्ता बंद झाला किंवा विमान रद्द झालं, तर जादा मुक्कामाचा खर्च कुणाचा?
५. कुठले परवाने आणि शुल्क लागतात? ते खर्चात धरलेत का?

"काही होत नाही हो, सगळे जातात," असं उत्तर आलं, तर सरळ दुसरीकडे चौकशी करा.

घरची तयारी

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. दमा, हृदयविकार असला, तर नक्कीच. उंचीच्या त्रासावरची गोळी त्यांनी सांगितली तरच घ्यायची. शेजारच्या काकांनी घेतली म्हणून आपण घ्यायची नाही! पुष्कळजण कापराची पुरचुंडी नेतात. वास छान येतो, पण त्यानं प्राणवायू वाढत नाही.

कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या. दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री हुडहुडी भरते. कानटोपी, हातमोजे, गॉगल, उन्हाचं मलम, ओठांना लावायला मलम, पाण्याची बाटली आणि ओळखपत्र. तुमचं मोबाइलचं कार्ड तिथं चालतं का, तेही आधी विचारून ठेवा.

लेहला उतरल्यावर

पहिल्या दिवशी पळापळ नाही. पाणी थोडं थोडं पीत राहा, हलकं जेवा, लवकर झोपा. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे डोकं दुखलं की लगेच सांगायचं. ज्याला त्रास होतोय त्यानं आणखी वर जायचं नाही. बरं वाटेना, तर खाली उतरायचं. आईबाबांनो, लहान मूल डोकं दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही. तिकडे लक्ष ठेवा.

आणखी एक. लडाख म्हणजे थंड वाळवंट. तिथं पाऊस फार थोडा पडतो. म्हणून पाणी जपून वापरा आणि आपला प्लॅस्टिकचा कचरा आपल्याच पिशवीत परत आणा.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी श्रीनगर-कारगिलच्या जिन्यानं. लेहला पोचल्यावर संध्याकाळी भाचा स्वतःच म्हणाला, "मावशी, डोकं जरा दुखतंय." दुसऱ्या दिवशी आम्ही कुठंच गेलो नाही. गच्चीवर बसून बर्फाची शिखरं बघितली, पत्ते खेळलो. तिसऱ्या दिवशी तो खडखडीत बरा! आणि चार दिवसांनी पँगाँगच्या काठावर आमच्या सगळ्यांच्या पुढं तोच उभा होता.

तर मुलांनो, यंदा कार्यक्रमाचा कागद घरी आला, की उंचीचा रकाना तुम्ही भरायचा. बाबा खर्च बघतील, तुम्ही जिना बघा. तिकडे कुणी भेटलं की हसून 'जुले' म्हणा. लडाखी भाषेत तो नमस्कारही आहे आणि धन्यवादही!