ट्रॅक्टर दुरुस्ती पुस्तिकेचा सुरक्षित वापर

दुरुस्ती पुस्तिका हाती घेतल्यावर ती त्याच ट्रॅक्टरची आहे का, हे प्रथम पडताळावे. एकाच नावाच्या ट्रॅक्टरची अंतर्गत रचना उत्पादनकाळानुसार बदलू शकते. म्हणून चेसिस व इंजिन क्रमांक पुस्तिकेतील क्रमांकमालिकेशी जुळवून घ्यावेत.

बोल्ट आवळण्याच्या मापाबाबत विशेष दक्षता हवी. हे माप काही पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटरमध्ये, तर काहींत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर. एककांची गल्लत झाल्यास बोल्ट तुटतो किंवा चाकाचे नट सैल राहतात. कोरड्या आट्यांसाठी दिलेले माप तेल लावलेल्या आट्यांना चालत नाही.

‘धोका’ अशा शीर्षकाच्या चौकटी सहसा वाचल्याच जात नाहीत, आणि गंभीर अपघात नेमके तेथेच घडतात. अवजार जमिनीवर टेकवणे, इंजिन बंद करून किल्ली काढणे, फिरता पी.टी.ओ. शाफ्ट पूर्ण थांबू देणे, या पायऱ्या वगळू नयेत. 540 फेरे प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, त्यात अडकलेले धोतर वा ओढणी सोडवण्यास अवधीच मिळत नाही.

हायड्रोलिक नळीची गळती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेले तेल त्वचेत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि दाबाखालील तेल शरीरात गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.