परदेशांतील नोंदलेली कंपनी विकत घेण्यापूर्वीं

नाशिक व सांगली या जिल्ह्यांतील द्राक्षबागाइतदारांचा माल आज कित्येक वर्षें नेदरलंड्स, इंग्लंड वगैरे देशांस जात आहे. पुष्कळदां तो तिकडील व्यापाऱ्याकडे विक्रीसाठीं नुसता पाठविला जातो, भाव मागाहून ठरतो, आणि खर्च वजा होऊन पट्टी हातीं येते. तेव्हां तिकडे आपलेंच दुकान असावें, असा विचार बागाइतदाराच्या मनांत येणें साहजिक आहे. अशा वेळीं 'इंग्लंडांत दहा वर्षांमागें नोंदलेली कंपनी तयार आहे, नुसती नांवावर करून घ्या,' असें सांगणारा मध्यस्थ भेटला म्हणजे विसार देण्यास उशीर लागत नाहीं. सबब असल्या खरेदींत पदरांत नेमकें काय पडतें, याचा विचार इंग्लंडचेंच उदाहरण घेऊन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कंपनी म्हणजे काय हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्लंडांत कंपन्या नोंदण्याचा कायदा १८४४ सालीं झाला, आणि भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित करण्याची सोय १८५५ सालीं झाली. पुढें १८९६ सालीं सालोमन नांवाच्या जोडे तयार करणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें असा निकाल दिला कीं, बहुतेक सर्व भाग एकाच मनुष्याच्या हातीं असले तरी कंपनी ही त्याच्याहून निराळी व्यक्ति आहे, व तिचें देणें तें त्याचें देणें नव्हे. या तत्त्वानें भागधारकाचें घरदार सुरक्षित राहतें खरें. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. कंपनी निराळी व्यक्ति असल्यामुळें तिचे भाग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेले तरी ती बदलत नाहीं. तिचें येणें, तिचें देणें, तिचे करार व तिच्यावरील दावे हीं सर्व जशींच्या तशीं राहतात.

आमची नोकरी महसुली दप्तरांत झाली, म्हणून आम्हांस जमिनीचाच दाखला सुचतो. शेतकरी जमीन घेतो तेव्हां सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या सदरीं बोजा आहे कीं काय, तें पाहतो. सोसायटीचा बोजा असला तर तो जमिनीबरोबर येतो. पण विकणाराचें हातउसनें किंवा दुकानाची उधारी जमिनीवर चढत नाहीं. कंपनीचें तसें नाहीं. नोंदलेलें व न नोंदलेलें, आजचें व मागील मालकाच्या वेळचें, सर्व देणें तिच्याच अंगावर राहतें; आणि तें फेडण्याची पाळी आली म्हणजे नव्या मालकानें तिच्यांत घातलेला पैसा त्यांत जातो. या विषयांतील मुख्य मुद्दा हाच होय.

विक्रीस निघणाऱ्या कंपन्या तीन प्रकारच्या असतात. पहिली, नोंदल्यापासून कांहींच व्यापार न केलेली. हिला तिकडे शेल्फ कंपनी, म्हणजे फडताळांत ठेवलेली कंपनी, असें म्हणतात. पूर्वीं कागदोपत्रीं नोंदणीस बरेच दिवस लागत, म्हणून तिकडील एजंट अशा कंपन्या आधींच नोंदून ठेवीत व गरजूस विकीत. आतां संगणकाद्वारें नवी कंपनी बहुधा चोवीस तासांत नोंदली जाते. तिचें शुल्क पूर्वीं १२ पौंड होतें, तें मे २०२४ मध्यें ५० पौंड करण्यांत आलें. मग मध्यस्थ जास्त पैसे घेऊन विकतो तें काय? तर कंपनीचें वय. परंतु तिनें दहा वर्षें कांहींच केलें नाहीं, हें तिच्या सरकारांत दाखल झालेल्या हिशेबांवरून कोणासही दिसतें. दहा वर्षें पडीत राहिलेल्या जमिनीस दहा पिकांचा लौकिक कोण देईल? दुसरी, एकदां व्यापार करून बंद पडलेली. हिच्यापासून सर्वांत जास्त जपावें, कारण जुनें देणें लपलेलें असण्याचा संभव येथें अधिक. तिसरी, चालू धंद्याची. सन २००० मध्यें टाटा टी कंपनीनें इंग्लंडची टेटली ही चहाची कंपनी २७ कोटी १० लाख पौंडांस घेतली, ती या प्रकारची होय. त्या किमतींत नांवाजलेला छाप व गिऱ्हाइकांची पेठ मिळाली.

चौकशी कशी करावी तें आतां सांगतों. इंग्लंड व वेल्समधील कंपन्यांची नोंद कार्डिफ येथील कंपनीज हाउस या सरकारी कचेरींत असते, आणि ती घरबसल्या फुकट पाहतां येते. प्रत्येक कंपनीस आठ अक्षरांकांचा क्रमांक असतो. नांव कितीही वेळां बदललें तरी क्रमांक बदलत नाहीं. म्हणून शोध नांवावरून न घेतां क्रमांकावरून घ्यावा. जुनीं नांवें, संचालक, वार्षिक हिशेब व तारणाचे बोजे पाहावे. तारणाची नोंद २१ दिवसांत करावी लागते, सबब खरेदीच्या दिवशीं पुनः एकदां पाहावें. हिशेब उशिरा दिल्यास खासगी कंपनीस १५० पासून १,५०० पौंडांपर्यंत दंड होतो, आणि तोही तिच्याचकडून वसूल होतो. थकलेला कर, नोकरांचे दावे व दुसऱ्यासाठीं दिलेली जामिनकी या गोष्टी मात्र त्या नोंदींत दिसतीलच असें नाहीं. त्यांकरितां तेथील वकिलामार्फत विकणाराकडून हमी व नुकसानभरपाईचा लेख करून घ्यावा. हमी देणारा सधन आहे कीं नाहीं हेंही पाहावें. नाहीं तर तो लेख नुसता कागदच.

भागांचें हस्तांतर लेखानें होतें. किंमत १,००० पौंडांहून जास्त असल्यास शेंकडा अर्धा पौंड मुद्रांक पडतो. कंपनीच्या सभासदांच्या वहींत नांव चढल्यावांचून खरेदी पुरी झाली असें मानूं नये. संचालक तेथें राहणारा असलाच पाहिजे असें नाहीं. पण १८ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची ओळख पटविणें सक्तीचें झालें आहे. कंपनीच्या पत्त्यादाखल नुसती टपालपेटी ४ मार्च २०२४ पासून चालत नाहीं.

आतां आपल्या देशाचा कायदा. २२ ऑगस्ट २०२२ च्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणें येथील व्यक्तीस परदेशी कंपनीचे भाग घेतां येतात. मात्र एका आर्थिक वर्षांत सर्व कारणांसाठीं मिळून २,५०,००० डॉलरांपर्यंतच रक्कम बाहेर नेतां येते. पैसा जाण्यापूर्वीं अधिकृत बँकेमार्फत 'एफ. सी.' नमुना भरून रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीचा क्रमांक घ्यावा लागतो. मालकी हातीं असल्यास दर वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत तिच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. आयकराच्या पत्रकांतही ते भाग दाखवावे लागतात. न दाखविल्यास २०१५ च्या कायद्यानें १० लाख रुपये दंड होऊं शकतो. तेव्हां 'पैसे येथें रोख द्या, तिकडचें आम्ही पाहतों,' असें म्हणणाऱ्यास दारांतूनच परत लावावें.

आमचें मत असें कीं, नुसता माल पाठविण्यासाठीं परदेशी कंपनीची जरुरीच नाहीं. निर्यातदाराचा परवाना क्रमांक व बागेची निर्यातीसाठीं नोंदणी हीं दोन्ही कामें येथल्या येथें होतात. तिकडे कंपनी हवीच असेल तर नवी नोंदावी. तिला मागचें देणें नसतें. चालू धंदा हवा असेल तर कंपनीचे भाग न घेतां गुदाम, यंत्रें, छाप व गिऱ्हाइकी एवढेंच विकत घेतां येतें कीं काय, हें वकिलास विचारावें. तसें केल्यानें बहुतेक जुनें देणें विकणाराकडेच राहतें. नोकरांचे करार मात्र तेथील २००६ च्या नियमांनीं नव्या मालकाकडे येतात.

जमिनीचा व्यवहार करतांना जो मनुष्य उतारा पाहिल्यावांचून विसार देत नाहीं, त्यानें समुद्रापलीकडील व्यवहारांत तीच रीत सोडूं नये, एवढीच आमची विनंती आहे.